सड्यावरचा वळसा

नागोळ्याच्या सड्यावर, त्या कातळी पठारावर, चढणाऱ्या रस्त्याला एकही खड्डा नाही. तीन वर्षांपूर्वी तो नव्याने डांबरी झाला. रुंदी मात्र एका बसपुरतीच. तरीही विशालची बस चढण संपता संपता एका ठिकाणी डांबर सोडते, उजवीकडच्या तांबड्या मातीत उतरते आणि चार हात पुढे गेल्यावर पुन्हा वर येते. पहिल्यांदा ती अशी वळली, तेव्हा मी थेट समोरच्या बाईच्या मांडीवर जाऊन पडले. मांडीवर पावांची पिशवी होती म्हणून दोघींनाही लागलं नाही.

"जुना खड्डा असेल," मी सावरून बसत शेजारच्या मुलीला म्हणाले. "रस्ता बदलला तरी ड्रायव्हरच्या हाताची सवय जात नाही बघ."

ती मुलगी म्हणजे गौरवी, आता पाचवीत आहे. तिने माझ्याकडे पाहिलं, गोड हसली आणि खिडकीबाहेर बघू लागली. आपण हिला काहीतरी शिकवलं, असं समाधान मला घरी पोचेपर्यंत पुरलं.

मी मूळची साखळीची. तिथल्या शाळेत अडतीस वर्षं शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर, दोन वर्षांपूर्वी, इथे भावाच्या घरी राहायला आले. भाऊ म्हणतो, हवा चांगली आहे म्हणून आले. खरं कारण सड्याच्या टोकाला आहे. तिथे विद्यापीठाची जुनी वेधशाळा आहे. चिऱ्याची गोल खोली, वर पत्र्याचा घुमट, आत माझ्यापेक्षा उंच पितळी दुर्बीण. पोर्तुगीज काळात कुणा हौशी अधिकाऱ्याने ती बांधली, नंतर सरकारकडे गेली आणि शेवटी विद्यापीठाकडे आली. नोकरीत असताना वर्षातून एकदा मी साखळीहून मुलांची बस भरून इथे आणत असे.

अशाच एका बसमधून तेजस्विनी आली होती. नऊ वर्षांची होती. दुर्बिणीला डोळा लावून तिने शनी पाहिला, कडं पाहिलं, आणि स्टुलावरून उतरून सरळ दुर्बिणीच्या पुढच्या टोकाकडे गेली. टाचा उंच करून भिंगावर कुणी चित्र चिकटवलंय का ते तपासलं. काही सापडलं नाही. मग पुन्हा स्टुलावर चढली आणि उतरेना. मागे एकतीस मुलं रांगेत. शेवटी धाकूने तिला काखेत धरून उचललं आणि बाजूला ठेवलं.

धाकू वेधशाळेची देखभाल करणारा माणूस. तेव्हाही तोच होता, आजही तोच आहे. तेजस्विनी मात्र आता एकतीस वर्षांची आहे, पुण्याला शिकून यंत्रांची इंजिनिअर झाली आहे, आणि वेधशाळा दुरुस्त करून नव्या सोयी बसवायचं काम विद्यापीठाने तिलाच दिलं आहे. यंदा मे महिन्यात ती आली आणि पहिल्या दिवशी घुमटातून गांधीलमाशांचं पोळं, वटवाघळांची सतरा पिल्लं आणि एक छत्री एवढं बाहेर निघालं. छत्री धाकूची होती. पावसात घुमट गळतो तेव्हा तो ती स्वतःवर नाही, दुर्बिणीवर धरत असे.

त्या दोघांचं पहिलं भांडण तांदळावरून झालं. आमच्याकडच्या पावसाळ्यात चपलांना बुरशी येते, तिथे भिंगाला का येणार नाही? म्हणून धाकू पावसाळाभर भिंग पत्र्याच्या डब्यात भाजलेल्या तांदळात पुरून ठेवी. तांदूळ ओल शोषून घेत, महिन्याने तो ते बदली. तेजस्विनीने त्याच कामासाठी बाजारातल्या पांढऱ्या गोळ्यांच्या पुड्या आणल्या.

धाकूने एक पुडी हातावर घेऊन विचारलं, "ह्यां खाता येता?"

"नाही काका, हे खायचं नसतं."

"मगे कोंब्यांका काय घालू?"

जुने तांदूळ त्याच्या कोंबड्यांना जात असत, हे तेव्हा कळलं. तह असा झाला की भिंगाला गोळ्या आणि कोंबड्यांना वेगळे तांदूळ.

दुसरं भांडण दोराचं. घुमट फिरवायला काथ्याचा जाड दोर होता. तो ओढला की घुमट करकरत फिरे आणि फट हवी त्या दिशेला येई. तेजस्विनीने मोटर बसवली. बटण दाबलं की घुमट मांजरासारखा गुरगुरत फिरू लागला. धाकूने तीनदा फिरवून पाहिला, मान डोलावली आणि म्हणाला, "मोटर बरी आसा. दोर आसांदे." दोर तिथेच राहिला.

हे सगळं हसतखेळत चाललं होतं. सप्टेंबरात पणजीहून पत्र आलं आणि हसणं थांबलं. कामावर देखरेख करणाऱ्या समितीत दोन मतं पडली होती. काही जणांचं म्हणणं, एवढी जुनी दुर्बीण वापरात ठेवण्यापेक्षा ती पणजीला विद्यापीठाच्या इमारतीच्या दर्शनी भागात काचेच्या पेटीत ठेवावी. घुमटात एक बंद कॅमेरा बसवावा, तो पणजीहून चालवावा आणि मुलांनी चित्रं पडद्यावर बघावीत.

"पडद्यावर शनी मला घरीसुद्धा दिसतो," तेजस्विनी म्हणाली. "तो खरा आहे की नाही हे बघायला पुढच्या टोकाला जाता येत नाही."

ती पणजीला गेली, भांडली, आणि एक संधी घेऊन आली. ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी समिती येणार. जुन्या दुर्बिणीने, तिच्यावरच बसवलेल्या, अंश कोरलेल्या चकत्यांवरून दिशा लावून, भर दिवसा शुक्र दाखवायचा. दिसला, तर दुर्बीण सड्यावर राहील. नाही दिसला, तर पेटी.

"भर दिवसा का?" मी विचारलं.

"त्यांना पाचच्या आत परत जायचंय."

शुक्र दिवसाही आकाशात असतो. उजेडात तो डोळ्यांना सापडत नाही इतकंच. पण दुर्बीण अचूक त्याच्यावर रोखली, तर निळ्या आकाशात तो स्वच्छ दिसतो. अडचण त्या 'अचूक'ची. चौथऱ्याच्या दुरुस्तीसाठी दुर्बीण खाली उतरवली होती. आता ती पुन्हा बसवताना तिला दक्षिण कुठे आहे ते सांगायला हवं होतं. घरात पाहुणा आला की आधी त्याला मोरी कुठे आणि पाणी कुठे ते दाखवतो ना, तसंच. एकदा दक्षिण कळली की बाकीचं आकाश ती चकत्यांवरून शोधते.

यासाठी जुन्या लोकांनी सोय करून ठेवली होती. वेधशाळेपासून अर्धा किलोमीटरवर, समोरच्या उतारावर, पुरुषभर उंचीचा चुना लावलेला खांब आहे. वेधशाळेच्या जुन्या वहीत लिहिलंय की दुर्बिणीपासून हा खांब नेमका दक्षिणेला आहे. दुर्बीण खांबावर रोखा आणि चकतीवर शून्य लावा. तेजस्विनीने तेच केलं.

पण ती नुसत्या वहीवर विसंबणारी नाही. आधी तिने मोबाइलमधलं होकायंत्र काढलं. ते तिथे भोवऱ्यासारखं फिरलं, कारण सड्याच्या दगडात लोखंड आणि डोक्यावर लोखंडी घुमट. "मी डिचोलीच्या लोखंडाच्या खाणींत वाढलेली मुलगी," ती म्हणाली, "आणि मीच इथे होकायंत्र काढते." मग तिने उपग्रहातून काढलेला नकाशा पाहिला. त्यात घुमट दिसत होता, पांढरा खांबही ठिपक्यासारखा दिसत होता. रेघ मारली. खांब नेमका दक्षिणेला. वही आणि उपग्रह, दोघांचं एकमत. आणखी काय हवं?

बुधवारी दुपारी आकाश मोकळं होतं. तिने गणित केलं, चकत्या लावल्या, डोळा लावला. निळं आकाश. एक घार गेली. पुन्हा निळं आकाश.

तिने भिंग तपासलं, लॅपटॉप तपासला, गणित तीनदा केलं. रात्री एखाद्या ताऱ्यावरून चूक सापडली असती, पण ऑक्टोबरात आमच्याकडे सकाळ लख्ख असते आणि चार वाजले की समुद्राकडून ढग येऊन गडगडतात. गेले दोन आठवडे एकही तारा दिसला नव्हता. सूर्याकडे दुर्बीण वळवायला लागणारी काळी काच म्हापशापर्यंत येऊन कुरियरवाल्याकडे अडकली होती. समिती परवा येणार होती.

संध्याकाळी ती आमच्या सोप्यावर येऊन बसली. चहा निवून गेला.

"बाई, मीच त्यांना सांगितलं की दुर्बीण चांगली आहे. माझ्या शब्दावर ते येतायत."

"दुर्बीण चांगलीच आहे."

"मग शुक्र कुठे आहे?"

ज्या प्रश्नाचं उत्तर नसतं, तिथे मी काठी आणि दोरी घेते. अडतीस वर्षं तेच केलं.

"उद्या सकाळी गावच्या शाळेतल्या मुलांना घेऊन येते," मी म्हणाले. "दक्षिण कशी शोधायची ते त्यांना शिकवायचंच आहे."

"बाई, दक्षिण सापडलीय. उपग्रहाने सांगितलीय."

"मुलांना कुठे सांगितलीय?"

गुरुवारी साडेनऊला मी गौरवी, ओंकार आणि आणखी नऊ जणांना घेऊन वेधशाळेच्या दारात गेले. दार दक्षिणेकडे आहे, त्यापुढे सपाट अंगण. मध्यभागी बांबू रोवला. तो सरळ आहे का हे पाहायला दोरीला दगड बांधून लोंबता धरला. मग बांबूभोवती दोरीने मोठं वर्तुळ काढलं आणि त्यावर रांगोळी घातली.

"आता काय करायचं?" ओंकारने विचारलं. त्याच्या खिशात चणे होते.

"आता बसायचं."

सकाळी सावली लांब असते. सूर्य चढतो तशी ती आखडत जाते. सव्वादहाला सावलीचं टोक बरोबर वर्तुळावर आलं. गौरवीने तिथे खुंटी ठोकली. मग सावली वर्तुळाच्या आत शिरली आणि आखडत राहिली. दुपारनंतर ती परत लांबू लागणार आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा वर्तुळाला शिवणार. त्या दोन जागा जोडल्या की पूर्व-पश्चिम मिळते. तिच्या मध्यावर काटकोनात रेघ काढली की उत्तर-दक्षिण. याला ना वीज लागते ना लोखंड आडवं येतं.

मुलं जेवून परत आली. दोन वाजता डोंगरामागे ढगाचा एक पांढरा गोळा उभा राहिला. सगळ्यांच्या माना एकदा सावलीकडे, एकदा ढगाकडे. सावली वर्तुळापासून दोन बोटांवर होती.

"बाई, जोरात चल म्हणून सांगा ना तिला."

"सांग की. ऐकते का बघ."

ओंकार खरंच वाकून सावलीच्या कानात काहीतरी बोलला. तिला कान कुठे होता, ते त्यालाच ठाऊक. अडीचला दोन-तीन मिनिटं असताना सावली वर्तुळाला टेकली. खुंटी ठोकली. दोरी ताणली, मध्य काढला, दक्षिणेकडची रेघ आखली आणि तिच्या टोकाला दुसरा बांबू उभा केला.

"आता दोन्ही बांबू एकामागे एक दिसतील असं बघ," मी गौरवीला म्हणाले. "समोर काय आहे?"

ती एक डोळा मिटून बघत राहिली.

"खांब दिसतो?"

"खांब नाही, बाई. खांब बराच डावीकडे आहे."

तेजस्विनी दारात उभी होती, ती पुढे आली. गौरवीला बाजूला करून तिने स्वतः पाहिलं. दोन बांबूंची रेघ खांब सोडून, अंगठ्याएवढी उजवीकडे, समोरच्या रस्त्यावर जात होती. तिथे काहीच नव्हतं.

"रांगोळी जाड पडलीय," ती म्हणाली.

"एवढी?" मी विचारलं.

"मग रेघ कुठे जातेय?"

"राखणदाराच्या जुन्या घराकडे," गौरवी म्हणाली. जणू पोस्ट ऑफिस कुठे आहे ते सांगावं तशी.

आम्ही दोघी तिच्याकडे बघू लागलो. तिला वाटलं, आम्हाला नीट ऐकू गेलं नाही. ती सावकाश, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "तो आधी तिथे राहायचा. मग सरकला."

"कोण सरकला?"

"खांब."

तेजस्विनीने धाकूला हाक मारली. तो भिंतीच्या सावलीत सुपारी कातरत बसला होता. तो सावकाश आला, रेघेकडे पाहिलं, समोर पाहिलं.

"होय तर," तो म्हणाला. "राखणदार थंय हुतो. रस्तो इलो, म्हणान सरकयलो."

मग थोडं थोडं करून सगळं बाहेर आलं. धाकूच्या आजोबांना त्या अधिकाऱ्याने दर पावसाळ्यानंतर खांबाला चुना लावायचं काम दिलं होतं. दोन पाव आणि एक बाटली, ही त्याची बिदागी. आजोबा चुना लावायच्या आधी नारळ ठेवू लागले, कारण पांढऱ्या, एकट्या, सड्याकडे टक लावून बघणाऱ्या वस्तूला नारळ ठेवल्याशिवाय हात कसा लावणार? आजोबांनंतर वडील, वडिलांनंतर धाकू. शंभर वर्षांत खांब सड्याचा राखणदार झाला. त्याला वर्षाला जाड भाकरीचा रोट, नारळ आणि गाऱ्हाणं. तीन वर्षांपूर्वी डांबरी रस्ता आला, तो जुनी वाट सोडून नेमका त्याच्यावरून. गावाने देवाला कौल लावला, मूर्तीला चिकटवलेली उजवीकडची पाकळी पडली, म्हणजे देवाने होकार दिला, आणि वाजतगाजत राखणदाराला तीस पावलं पूर्वेला सातवणीच्या झाडाखाली नेऊन बसवलं.

"कोणाला विचारलं?" तेजस्विनी म्हणाली.

"देवाक."

"आणि वेधशाळेला?"

"तुमका कित्याक इचारतले? तुमी देव?" धाकूला खरंच कळेना. "खांब तोच, चुनो तोच, नारळ तोच. मगे बिघडला काय?"

मी मध्ये पडले. "धाकू, राखणदार कुठेही बसला तरी राखणदारच. पण दक्षिणेला कौल लावून सरकवता येत नाही."

त्याने यावर विचार केला. सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात गेली. "ह्यां खरां," तो म्हणाला.

तेजस्विनीने मोबाइल काढून उपग्रहाचा नकाशा मोठा करून पाहिला. ठिपका होता, पण त्या फोटोत डांबरी रस्ताच नव्हता. फोटो रस्त्याच्या आधीचा होता. ती अंगणात मटकन बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मुलांना वाटलं, रडते. ओंकारने तिला चणे दिले.

हसून झाल्यावर ती म्हणाली, "खांब उद्यापुरता परत नेता येईल?"

धाकूने कानांना हात लावले. "कौल घेवक होयो. दिवस बघूक होयो. आनी थंय रस्तो आसा."

"मग जुनी जागा तरी नेमकी कशी सापडणार? वर डांबर आहे."

गौरवी माझ्याकडे बघत होती. माझ्या डोक्यात तेव्हा विशालची बस हळूहळू उजवीकडे वळत होती.

"गौरवी," मी म्हणाले, "बस तिथे का वळते?"

"राखणदाराच्या जागेवरून चाक कसं नेणार? सगळेच वळतात. मोटरसायकली पण. गॅसची गाडी पण."

"मी जुना खड्डा म्हणाले, तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तुम्ही शिकवत होता ना," ती म्हणाली.

आम्ही सगळे खाली गेलो. रस्त्याच्या मधोमध, सुपाएवढ्या जागेत, डांबर अजून तीन वर्षांपूर्वीइतकंच काळं होतं. भोवती चाकांनी घासून डांबराला राखाडी रंग आला होता. मधल्या काळ्या तुकड्यावर सातवणीची सुकी पानं साचली होती. एवढी अचूक खूण कुठल्याही खात्याने केली नसती. तेजस्विनीने गुडघ्यावर बसून त्या तुकड्याचा मध्य मोजला. तेवढ्यात चार वाजले आणि ढग गडगडले.

शुक्रवारी सकाळी सात वाजता बांबूला चुना लावून झाला. तो काळ्या तुकड्याच्या मध्यावर उभा धरायचा, तेवढ्या वेळात वर तेजस्विनीने दुर्बीण रोखून शून्य लावायचं. विशालने बस अलीकडे थांबवली आणि प्रवाशांना सांगितलं की आज दहा मिनिटं उशीर. कारण विचारायला सगळे खाली उतरले. बांबूला हात लावण्याआधी धाकूने टोपी सारखी केली, नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं.

"बा राखणदारा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मुलं म्हणाली. बसमधलेही म्हणाले.

"आज ह्या पोरांनी तुझ्या जुन्या जाग्यार बांबू उभो केलेलो आसा. तो तुका हटवूक न्हय, तुझी दिशा घेवक."

"व्हय म्हाराजा."

"हे तेजूची दुर्बीण पणजेक पेटयेत जावक बघता. तिका हंयच ऱ्हवांदे."

"व्हय म्हाराजा."

"ढगांका आजचो दिवस सावंतवाडीक धाड."

"व्हय म्हाराजा." हे सगळ्यात जोरात झालं.

"आनी पणजेचे सायब वेळार येवंदेत."

यावर 'व्हय म्हाराजा' जरा हळू आलं. अनुभव सगळ्यांनाच होता.

गौरवीने बांबू धरला. वरून तेजस्विनीचा फोन येई आणि मी सांगे: जरा डावीकडे, उभा धर, हलू नकोस. गौरवी श्वाससुद्धा जपून घेत होती. शेवटी फोनवर आवाज आला, "झालं." बस सुटली, आणि विशालने बांबू उचललेला असूनही नेहमीसारखी मातीत उतरवून नेली.

साहेब अकराला येणार होते, ते पाऊण वाजता आले. त्यांची गाडी काळ्या तुकड्यावरून सरळ वर आली. धाकूने डोळे मिटले आणि ओठांतल्या ओठांत त्यांच्या वतीने क्षमा मागितली. मग साहेब जेवले. आमच्या भावजयीने सोलकढी केली होती, ती अध्यक्षांनी तीनदा घेतली. अडीच वाजता सगळे घुमटात आले. अध्यक्ष जाडसर, घामेजलेले, स्वभावाने वाईट नव्हेत. घाईत तेवढे होते.

तेजस्विनीने बटण दाबलं. घुमट गुरगुरत फिरू लागला, फट दक्षिणेकडे सरकू लागली आणि थांबली. पंखाही थांबला. वीज गेली होती.

"जनरेटर?" अध्यक्षांनी विचारलं.

"पुढच्या टप्प्यात आहे," तेजस्विनी म्हणाली.

कुणी काही बोलायच्या आत करकर आवाज आला आणि घुमट फिरू लागला. धाकू दोर ओढत होता. त्याने हसू दाबायचा जराही प्रयत्न केला नाही.

तेजस्विनीने कागदावरचे आकडे वाचले, हाताने चकत्या फिरवल्या, खीळ घट्ट केली. डोळा लावायच्या आधी ती क्षणभर थांबली. मी तिचे खांदे पाहत होते. नऊ वर्षांची असताना स्टुलावर चढून तिने असेच खांदे आवळले होते. मग ते सैल झाले.

"सर, या," ती म्हणाली आणि बाजूला झाली.

अध्यक्ष स्टुलावर बसले. बराच वेळ झाला. घाई होती ती कुठे गेली कोण जाणे.

"हा अर्धा चंद्र आहे," ते म्हणाले.

"चंद्र सकाळी आम्ही बांबू धरला तेव्हाच मावळला, सर," गौरवी म्हणाली. "हा शुक्र. त्याच्याही कला होतात. बाईंनी शिकवलंय."

अध्यक्षांनी पुन्हा पाहिलं. मग ते स्टुलावरून उतरले, दुर्बिणीच्या बाजूने चालत पुढच्या टोकाशी गेले, टाचा उंच केल्या आणि भिंगावर काही चिकटवलंय का ते बघितलं.

तेजस्विनीने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर दोघींनाही हसू आवरलं नसतं.

ते परत येऊन स्टुलावर बसले. बाकीचे चार जण मागे रांगेत उभे. दहा मिनिटं झाली. शेवटी धाकू दोर सोडून पुढे आला आणि अदबीने म्हणाला, "सायबानू, आता दुसऱ्यांका." त्याने काखेत हात घातला नाही, पण तयारी होती.

निर्णय तिथेच अंगणात झाला. दुर्बीण इथेच राहील, मुलं येत राहतील, कॅमेऱ्याला लागेल तर वेगळी खोली बांधू. अध्यक्षांनी फॉर्म काढला. त्यात एक रकाना होता: दिशा कशावरून घेतली. तेजस्विनीने गौरवीला पुढे केलं. गौरवीने रांगोळीपासून सुरुवात केली आणि कौलापर्यंत सगळं सांगितलं. रकाना छोटा होता, अध्यक्षांनी मागच्या पानावरही लिहिलं.

"मग तो खांब परत जागेवर का नेत नाही?" त्यांनी विचारलं.

"सायबानू," धाकू म्हणाला, "तुमच्या आपिसात खुर्ची हालवूक किती सह्यो लागतत? ह्यो तर देव."

अध्यक्षांनी मान्य केलं. असं ठरलं की डांबरावरच्या त्या काळ्या तुकड्यात चुन्याचा एक ठिपका काढायचा आणि धाकूने दर पावसाळ्यानंतर खांबाला आणि ठिपक्याला, दोघांनाही, चुना लावायचा. नारळ एकच लागेल की दोन, ते कौल लावून बघू, असं तो म्हणाला.

चारला दहा मिनिटं असताना साहेबांची गाडी निघाली. समुद्राकडून ढग येऊ लागले होते. सावंतवाडीला धाडलेले बहुधा हेच. आम्ही सगळे अंगणाच्या कडेला उभे राहून बघत होतो. गाडी उतारावर गेली, काळ्या तुकड्यापाशी हळू झाली, डांबर सोडून तांबड्या मातीत उतरली, चार हात पुढे गेली आणि पुन्हा रस्त्यावर आली.

गौरवीने माझा हात धरला.

"जुना खड्डा असेल, बाई," ती म्हणाली.